जहाजाचा तुलनात्मक तक्ता

आमच्या कार्यालयात टाचणीसुद्धा तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय येत नाही, आणि ती यावी की नाही हे ठरवणारा माणूस मी. खरेदी विभागात माझी एकवीस वर्षं गेली. कपाटं, पंखे, पायपुसणी, सगळं माझ्या हाताखालून गेलं, पण तुलनात्मक तक्त्यावाचून एकही वस्तू आत आली नाही. एकदा साहेबांच्या केबिनसाठी शोभेचं झाड घ्यायचं होतं. तक्ता इतका बारकाईनं झाला की मंजुरी येईपर्यंत तिन्ही दुकानांतली तिन्ही झाडं वाळली. लोक हसले, पण प्रक्रिया चुकली असं कुणाला म्हणता आलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्यात माझा दोष किती आणि नशिबाचा किती, याची वाटणी तुम्हाला नीट करता येईल.

त्या दिवशी बायको ड्यूटीवरून आली आणि तिनं माझ्यापुढे एक गुळगुळीत कागद ठेवला. ती रुग्णालयात हाडांच्या वॉर्डची मुख्य परिचारिका आहे. सगळं जग तिला सिस्टर म्हणतं. ताप आला की मीही म्हणतो.

"अहो, ताईंचा फोन होता," ती म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. "पुढच्या महिन्यात चौदा ते चोवीस, आईंना त्या त्यांच्याकडे नेणार आहेत. दहा दिवस."

इथे आईबद्दल दोन शब्द. आई ब्याऐंशी वर्षांची, अकरा वर्षांपासून आमच्याकडे. तिच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा असतात आणि सूचना त्याहून जास्त वेळा. या अकरा वर्षांत आम्ही दोघं मिळून एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिलेलो नव्हतो. ताईला हे दहा दिवस कसे सुचले देव जाणे, पण असे दहा दिवस पुन्हा कधी येतील याची खात्री खुद्द ताईसुद्धा देत नव्हती.

"हे जहाज आहे," बायको कागदावर बोट ठेवून म्हणाली. "पंधराला निघतं, बावीसला परत. एकदा चढायचं, आठव्या दिवशी उतरायचं. मला जायचंय."

सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं इतकं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. शहाण्या माणसानं त्याच क्षणी हो म्हटलं असतं. मी म्हणालो, "बघू या."

आता 'बघू या' हा नकार आहे, असा काही लोकांचा गैरसमज असतो. आमच्याकडे 'बघू या' म्हणजे फाइल उघडली. जहाज चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता. जहाज कशाच्या तुलनेत चांगलं, हा प्रश्न होता. समोर दुसरं काहीच न ठेवता एकदम जहाज मंजूर करायचं, हे माझ्या बुद्धीला पटेना. म्हणून मी कागदाला मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'जहाज', उजवीकडे 'आपले आपण'. म्हणजे आपणच गाडी शोधायची, आपणच खोली शोधायची, वाटेल तिथे उतरायचं, वाटेल तितकं राहायचं. मग ही गोष्ट मी वरच्या मजल्यावरच्या कप्तानांना सांगितली. फाइल उघडण्यात चूक झाली नसेल, पण ही चूक नक्की झाली.

कप्तान हे काही खरे कप्तान नव्हेत. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी एकदा आठ दिवस जहाजावर राहून आले आणि तेव्हापासून जिन्याला जिना म्हणत नाहीत, डेक म्हणतात. जहाजावर मिळालेली पांढरी टोपी घालून ते दूध आणायला जातात.

"डोळे मिटून जा!" ते म्हणाले. "बॅग एकदा उघडायची, एकदा भरायची. मधल्या वेळात गावं आपणहून तुमच्याकडे येतात. सकाळी पडदा सारला की गाव हजर!"

एवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे मास्तर राहतात. जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर तो तपासायला निघाले. एक झोळी आणि दोन शर्ट, एक अंगावर, एक दोरीवर, एवढ्यावर त्यांनी एकोणीस देश पालथे घातले आहेत.

"गाव हजर, पण किती वेळ?" मास्तर म्हणाले. "चार तास! गावात पोस्टमनसुद्धा याहून जास्त थांबतो. तीन हजार माणसं एकदम उतरणार, एकाच पुतळ्यापुढे फोटो काढणार आणि भोंगा वाजला की मेंढरांसारखी परत. याला प्रवास म्हणायचा?"

"आणि तुम्ही स्टेशनच्या बाकावर झोपता, त्याला काय म्हणायचं?"

"अनुभव!"

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत दोन पक्ष पडले. जिना झाडण्याच्या पाळ्या ठरवायला बोलावलेल्या बैठकीत जिन्याचा विषयच निघाला नाही. तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई जहाजाच्या बाजूच्या होत्या. त्यांचे यजमान 'आपले आपण'च्या बाजूचे असून ते तीन दिवस बाहेर जेवत होते, असं कळलं. मी तटस्थ राहून सगळ्यांचे मुद्दे टिपून घेत होतो. तक्त्याचे निकष आठावरून चौदा झाले, चौदाचे बत्तीस झाले. उशीची जाडी, रांगेची लांबी, अनोळखी माणसांशी बोलावं लागण्याची शक्यता, अनोळखी माणसांशी बोलता न येण्याची शक्यता, सगळं आलं.

अर्थात मूळ मागणी बायकोची, तेव्हा तिचं मत घेणं नियमाला धरून होतं. मी रोज संध्याकाळी घेत होतो. ती दारात चपला काढत असतानाच मी विचारायचो, "अगं, खोली खिडकीची बरी की गच्चीची? नाश्ता आठला की नऊला? उतरायचं झालं तर डोंगर आधी की संग्रहालय?"

"तुम्ही ठरवा," ती म्हणायची आणि आईच्या गोळ्या काढायला जायची.

मी शेऱ्यात लिहिलं : 'मागणीदाराकडून अपेक्षित सहकार्य नाही.'

मग नमुना तपासणीची पाळी आली. कुठलीही वस्तू नमुना पाहिल्याशिवाय घेऊ नये, हा नियमच आहे. गावाबाहेरच्या तलावात एक दुमजली बोट जेवणासकट दोन तास फिरवून आणते. हा झाला जहाजाचा नमुना. एका रविवारी आम्ही गेलो. बोट हलली, आणि पाण्याचं आणि माझ्या पोटाचं काहीतरी जुनं वैर असावं असं वाटू लागलं. मी कठडा धरून, एका हातानं नोंदी करत उभा होतो. बायको वरच्या मजल्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसली. एका माणसानं न मागता तिच्या हातात चहा दिला. तो पिऊन तिनं कप खाली ठेवला आणि ती जी झोपली, ती बोट काठाला लागेपर्यंत. मी दोनदा जाऊन हलवलं. "अगं, पक्षी बघ, मत दे." तिनं कूस बदलली. तक्त्यात मी प्रामाणिकपणे नोंद केली : 'सहप्रवाशाचे निरीक्षण : निरंक. सहप्रवासी पूर्ण वेळ झोपेत. गुण : शून्य.'

पुढच्या रविवारी दुसरा नमुना. कुठलीही आखणी न करता, मास्तरांची झोळी उसनी घेऊन, दिसेल त्या बसनं दिसेल त्या गावी जायचं. काय सांगू, काय दिवस गेला! मी जन्मभर वेळापत्रकात अडकलेला माणूस. त्या दिवशी मनाला वाटलं तिथे बस थांबवून उतरलो. रानातून चाललो. वाट चुकलो, वाट सापडली. कुणाच्या तरी ओट्यावर बसून जेवलो. परतीची शेवटची बस अगदी सुटता सुटता मिळाली. टाचेला फोड आला होता, पण छाती फुगली होती. मी 'स्वावलंबन' या निकषाखाली दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण झोळीचा पट्टा खांद्याला काचला म्हणून कापला.

दोन्ही प्रवास परदेशातले, तेव्हा दोन्ही बाजूंना लागणारी एक गोष्ट म्हणजे पासपोर्ट. बायकोचा चालू होता. माझा संपलेला निघाला. नूतनीकरण म्हणजे काय, दोन दिवसांचं काम, असं सगळे म्हणाले. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा जुना पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं.

"उजव्या गालावर तीळ लिहिलाय. तीळ कुठाय?"

"काढला. दाढी करताना कापायचा."

"कुणी काढला?"

"डॉक्टरांनी."

"कागद?"

कागद नव्हता. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग ज्यांना तीळ होता ते तुम्हीच, हे कशावरून?"

दुसरा कुणी असता तर भडकला असता. मी भडकू शकलो नाही, कारण त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी त्या बाईंना नमस्कारच केला. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "जे आहे त्याचा दाखला देता येतो. जे नाही त्याचा कसा देऊ?"

"नसल्याचा द्या."

"नसल्याचा द्यायला आधी होता याचा पुरावा लागेल. तीळ मी काढलेला नाही."

ज्यांनी काढला ते डॉक्टर गाव सोडून गेले होते. घरातले सगळे जुने फोटो काढले. माझी डावी बाजू चांगली दिसते असं कॉलेजात कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हापासून मी उजवा गाल कॅमेऱ्याला दाखवलेला नाही. शेवटी कार्यालयात नवी कपाटं आली त्या दिवशीचा एक फोटो मिळाला. त्यात उजवा गाल होता, पण अर्धा कपाटाच्या दाराआड. खिडकीतल्या बाईंनी भिंग लावून पाहिला.

"हा तीळ आहे की फोटोवरचा डाग?"

"तीळ."

"अभिप्रायासाठी वर पाठवते."

वर म्हणजे कुठे आणि किती दिवस, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

महिना संपायला दोन दिवस असताना तक्ता पूर्ण झाला. बत्तीस निकष, दोन नमुने, अकरा शेजाऱ्यांचे अभिप्राय. शेकडा गुण : 'आपले आपण' एकाहत्तर, जहाज चौसष्ट. मी तो स्वच्छ अक्षरात उतरवून जेवण झाल्यावर बायकोपुढे ठेवला. कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी माझी अपेक्षा नव्हती, पण 'बरंच काम केलंत हो' एवढं चाललं असतं.

तिनं चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग 'स्वावलंबन'वर बोट ठेवलं.

"त्या रविवारी वाट कुणी विचारली होती?"

"तू."

"जेवायचं कुणी बघितलं?"

"तू."

"शेवटच्या बसची वेळ?"

"तूच. पण उतरायचं कुठे, ते मी ठरवलं होतं."

"म्हणून तर तीन मैल चालावं लागलं. आणि तुमच्या टाचेला पट्टी लावत मी रानात बसले होते."

तिचं बोट वर सरकलं.

"आणि बोटीवर मी झोपले, म्हणून शून्य?"

"अगं, दोन तासांत तू काही पाहिलंच नाहीस."

तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, "अहो, दिवसभर वॉर्डात लोक विचारतात, सिस्टर हे कुठे, सिस्टर ते कधी. घरी आले की आई विचारतात. आणि हा महिनाभर तुम्ही विचारताय. खिडकी का गच्ची, आठ का नऊ, डोंगर का संग्रहालय. मला आठ दिवस अशी जागा हवीय, जिथे मला कुणी काही विचारणार नाही. बस. तिथे समुद्र असला तर बरंच."

मला लाज वाटली. बत्तीस निकष काढले, पण हा त्यात नव्हता. उत्तर घरात होतं आणि मी सगळी इमारत पालथी घातली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"उद्याच मी तिकिटाचं बघतो," मी म्हणालो.

"नका बघू. मी परवाच काढली. दोघांची. मुदत संपत होती."

आता राहिला माझा तीळ. चौदा तारखेपर्यंत तो वरून खाली आला नाही. ठरल्याप्रमाणे ताई येऊन आईला घेऊन गेली. घर एकदम शांत झालं. बायकोची बॅग भरलेली, माझी बॅग भरलेली, आणि पासपोर्टच्या जागी 'अभिप्रायार्थ प्रलंबित' असा एक निरोप. मी तयारी केली होती की ती म्हणेल, जाऊ दे, पुन्हा कधीतरी. तिनं तसं म्हणावं असं मला थोडं वाटतही होतं, हे कबूल करतो.

"मी जाते," ती म्हणाली.

"एकटी?"

"तुमच्या तक्त्यातच आहे ना? एकट्यानं केलेला प्रवास सगळ्यांत श्रेष्ठ. मास्तरांचा अभिप्राय, क्रमांक सात."

तिला गाडीत बसवायला अर्धी इमारत खाली उतरली. कप्तानांनी स्वतःची टोपी काढून तिच्यापुढे धरली. ती तिनं हसून परत केली. मास्तर पक्षानं विरोधक, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की आता जहाजाला नावं ठेवावीत की एकट्या बाईचं कौतुक करावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. गाडी निघाली. मी भरलेली बॅग घेऊन जिना चढलो. रजा मंजूर होती, ती रद्द करायला पुन्हा अर्ज करावा लागला असता, म्हणून घरीच राहिलो.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"आईनं इथे घर डोक्यावर घेतलंय रे! यांना चष्मा कसा पुसायचा ते शिकवते. सकाळपासून भांडण चाललंय. मला नाही झेपत. तू वहिनीला कळव, पुढच्या बंदराला उतरून येऊ दे. आईचं तिलाच जमतं."

तिलाच जमतं. हे वाक्य अकरा वर्षं मीही म्हणत आलो होतो, आणि फार कौतुकानं म्हणत आलो होतो. त्या दिवशी ते ताईच्या तोंडून ऐकलं आणि कान तापले.

"नको," मी म्हणालो. "तिला कुणी फोन करायचा नाही. मी येतोय आईला न्यायला."

"तू? तुला जमणार आहे?"

"नाही. तरी येतोय."

एकही दर न मागवता घेतलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला निर्णय. आई घरी आली, खुर्चीत बसली आणि कामाला लागली. माझा टॉवेल कुठाय, पाणी कोमट आहे का, खिडकी कुणी उघडली, कुणी बंद केली, ही गोळी पिवळी का, कालची पांढरी का नव्हती, वर्तमानपत्राचं मधलं पान कुठे गेलं. दुपारपर्यंत मी मोजले. एक्केचाळीस प्रश्न. मोजायचं सोडलं तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवून मी स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. बायको रोज आठ तास वॉर्ड करून मग हे करत होती.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. जहाज एका बंदराला लागलं होतं. आई शेजारच्या खुर्चीत चहा पीत होती. मी तिला खूण केली, गप्प बस. आईनं जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय काय पाहिलंस?" मी विचारलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "दोन दिवस झोपले. काल दिवसभर खुर्चीत बसून पाणी बघितलं. एक माणूस येतो, चहा ठेवतो, जातो. काही विचारत नाही."

तिचा हा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आई बऱ्या आहेत ना ताईंकडे?"

"एकदम मजेत," मी म्हणालो.

आणि आईला खोकला आला. आईचा खोकला हा काही साधा खोकला नाही. त्याला सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवटी एक शिट्टी आहे. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, त्यामुळे शिट्टी आणखी लांब गेली.

फोनवर नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. आता ती म्हणेल, मी येते. इथून विमान मिळेल, उद्या दुपारी पोचते. तिला अडवायचं कसं, हे मी मनातल्या मनात जुळवत होतो.

"अहो."

"हं."

"पिवळी गोळी जेवणानंतर द्या. आधी दिली तर पोट बिघडतं त्यांचं."

"नंतरच देतोय."

"बरं. आणि शनिवारपर्यंत मला फोन करू नका."

फोन बंद झाला. आईनं तोंडावरचे हात काढले.

"काय म्हणाली?"

आता वादळ होणार, हे धरून मी सांगून टाकलं. "तिला कळलं. शनिवारपर्यंत फोन करू नका म्हणाली."

आईनं कपातला उरलेला चहा संपवला.

"शहाणी आहे," ती म्हणाली. "तिच्या वयात मला हे सुचलंच नाही." मग कप माझ्याकडे सरकवून तिनं हळूच विचारलं, "यानंतरचं जहाज कधी निघतं रे?"